मामाची लाइन

इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले, बसायला ओसरी मिळाली तसे हातपाय पसरले आणि आता घरच्यांनाच दटावतात. 'लाइन' हा त्यांतला सगळ्यात चिवट. त्याला आज घराबाहेर काढायचं म्हटलं तर निम्मी माणसं मुकी होतील. मामाचं तर अख्खं आयुष्य त्या एका शब्दावर कपड्यांसारखं वाळत घातलेलं होतं.

लहानपणी मामा नळावर लाइनीत उभा राहायचा. म्हणजे कळशी उभी राहायची आणि मामा गोट्या खेळायला पळायचा. परत येईतो कळशी लाइनीच्या शेवटी ढकललेली असायची, आणि मग थोरल्या बहिणीचा, ताईचा, धपाटा ठरलेला. पुढे त्याने पेपरची लाइन धरली. सायकलवरून घरोघर पेपर टाकायचे. शाळेत मास्तरांनी त्याची वही वर्गाला दाखवून म्हटलं होतं, "याच्या अक्षरांना लाइन दिसत नाही, त्यांना चष्मा लावा रे कुणीतरी." मिसरूड फुटल्यावर त्याने बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीवर लाइन मारली. मारता मारता एक दिवस तिच्या भावाने त्यालाच मारलं. तीच मुलगी पुढे मामी झाली. "मला कुठे ठाऊक, हे लाइन मारतात ते," मामी अजून सांगते. "मला वाटायचं, माणूस तिरळा आहे बिचारा."

पण पेपर टाकून आणि शिट्ट्या मारून संसार होत नाही. ताईचा नवरा वीज कंपनीत लाइनमन होता. या भाऊजींनी साहेबांच्या मागे लागून मेव्हण्याला तिथे चिकटवलं आणि घरी येऊन ताईला सांगितलं, "लावला तुझ्या भावाला लाइनीला." ताईने सुटकेचा श्वास सोडला. उनाड भाऊ मार्गाला लागला, यापलीकडे तिला त्या शब्दात काही दिसलं नाही.

तिथे गेल्यावर मामाला कळलं की आजवर आपण हा शब्द नुसताच तोंडात घोळवत होतो. खांबावरची लाइन चेष्टेची गोष्ट नव्हती. ती जिवंत असते नाही तर मेलेली असते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. भाऊजींनी त्याला हाताला धरून शिकवलं. आधी कोपऱ्यावरच्या लोखंडी पेटीतले, म्हणजे डीपीतले, तिन्ही फ्यूज उपसायचे. मग टेस्टर लावून लाइन मेल्याची खात्री करायची. मग जिथे काम करायचं तिथे तारांवर साखळी टाकायची आणि तिचं टोक जमिनीत रोवलेल्या सळईला बांधायचं. कुठून चुकून करंट आलाच तर तो माणसाला सोडून मातीत जातो. हे सगळं झालं की चढायचं. काम झालं, उतरलं, साखळी काढली, की डीपीपाशी उभ्या असलेल्या जोडीदाराला आरोळी द्यायची, "लाइन क्लिअर!" ती आरोळी ऐकल्याशिवाय फ्यूजला हात लावायचा नाही.

एवढं शिकवणारे भाऊजी खांबावरच गेले. त्या दिवशी साखळी दुसऱ्या जोडीने नेली होती. एका खांबासाठी कुठे थांबायचं, म्हणून ते तसेच चढले. फ्यूज काढून डीपीच्या माथ्यावर ठेवलेले होते, आणि जोडीदार तिथे नव्हता. दुसऱ्या पाळीचा एक माणूस तिथून जात होता. त्याला वाटलं, कोणीतरी विसरलंय. त्याने मुकाट्याने तिन्ही फ्यूज जागच्या जागी बसवले आणि चार घरांत दिवे लागलेले पाहून तो खूशही झाला.

तो माणूस काही दिवसांनी ताईच्या दारात आला. हात जोडून उभा राहिला. ताई उंबऱ्याच्या आत, मामा तिच्या मागे. ताई रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "मी तुम्हाला शिव्या देणार नाही. एकच सांगा, तुम्हाला घास गिळवतो कसा? माझ्या हातून कुणाचं माणूस असं गेलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशीचा सूर्य बघितला नसता. विहीर जवळ केली असती." माणूस खाली मान घालून निघून गेला. मामाच्या अंगावर मात्र काटा आला. ताई उगाच बोलत नाही हे त्याला पाठीवरच्या धपाट्यांपासून माहीत होतं. देईन म्हटलं की द्यायचीच.

ताई कपडे शिवायची. नवरा गेल्यावर मशीन हाच तिचा आधार उरला. एक दिवस तिने मामाचा खाकी शर्ट मागून घेतला आणि त्याच्या छातीवर दुहेरी कापडाचा, हात आत जाईल एवढा मोठा खिसा शिवला. म्हणाली, "फ्यूज आता डीपीवर ठेवायचे नाहीत. वर चढणाऱ्याच्या छातीशी पाहिजेत. मग बघू कोण लाइन चालू करतो ते." मामा तो शर्ट घालून कामावर गेला तेव्हा सगळे हसले. कोणी कांगारू म्हणालं, कोणी विचारलं, पिल्लू कधी बाहेर येणार. महिन्याभरात तेच हसणारे आपापले शर्ट घेऊन ताईच्या दारात उभे. एका बाईच्या सुईने कंपनीत जे केलं ते साहेबांच्या फळ्यावरच्या सूचनांनी कधी केलं नव्हतं.

फक्त एक झालं. खिसा आला तशी साखळी हळूहळू गेली. भाऊजींच्या मरणात सगळ्यांना फ्यूज लावणारा हात दिसला होता. जी साखळी तिथे नव्हतीच ती कुणाला दिसणार? शिवाय साखळी वजनाला भारी, तिचा गुंता होई, सळई रोवायची म्हणजे पुन्हा खणणं आलं. तिन्ही फ्यूज आपल्याच छातीला टोचत असताना करंट काय आभाळातून येणार? मामा साखळी गाडीच्या हुकाला लटकावून ठेवायचा आणि ती तिथेच गंजत राहायची.

ताईच्या मुलाने, भाच्याने, या लाइनीत यायचं नाही असं ताईने त्याच्या बारशापासून ठरवलं असावं. पोरगा उंच, हसरा, हाताने चतुर, पण एका जागी ठरेल तर शपथ. मोबाइल दुरुस्तीच्या लाइनीत गेला, तिथून हॉटेल लाइनीत, मग कुणाच्या तरी गाडीवर. प्रत्येक वेळी घरी येऊन म्हणायचा, "आई, ही लाइन आपली नाही." शेवटी एक दिवस तो मामाच्या मागे उभा राहिला आणि ताईला काय ते समजलं.

तिने एक दिवस चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी खाकी कापड आणलं, त्याचा शर्ट बेतला, आणि मामाला बोलावून त्याच्यासमोर खिशाला दुहेरी शिलाई घातली. "या खिशाशिवाय याला वर पाठवलंस," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, "तर मला तोंड दाखवू नकोस."

"ताई, माझ्या जिवापेक्षा—"

"तुझ्या जिवाचं मी काय करू? याचा सांभाळ."

भाचा आल्यापासून मामाला सगळेच मामा म्हणू लागले. साहेबसुद्धा. दोघांची जोडी जमली होती. भाचा खांबावरून गाणी म्हणायचा, खालून मामा दाद द्यायचा किंवा शिव्या. मामाला स्वतःचं मूल नव्हतं, आणि ते दुःख या दोन-तीन वर्षांत त्याला फारसं आठवलं नाही, हे त्याने मामीजवळ एकदा कबूल केलं होतं.

ताईचं घर गल्लीतलं शेवटचं. लाइन तिथे संपायची. आभाळ भरून आलं, वारा सुटला की पहिले दिवे ताईचे जायचे. शाळेचे गणवेश शिवायचे दिवस आले की ती अंधारात मशीनसमोर हात जोडून बसायची. म्हणून भाच्याने कुठूनसा एक जुना छोटा जनरेटर आणला, मागच्या पडवीत ठेवला, आणि दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर बनवली. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये. सगळं घर उजळायचं.

मामाने ती वायर पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे, हे दुतोंडं कसलं केलंस? आईने मेन स्विच पाडला नाही तर करंट उलटा खांबावर जाईल. शिकवलंय ना मी?"

"पाडते ती. मी सांगितलंय, मेन आधी पाडायचा, नाही तर जनरेटर जळेल."

"जनरेटर जळेल सांगितलंस?"

"मग काय, माणूस मरेल सांगू? हातच लावणार नाही ती. आई आहे आपली, घाबरवून काय उपयोग?"

दोघं हसले. सुट्टी मिळाली की चेंजओव्हरचा नीट स्विच बसवू, म्हणजे खांबाची लाइन तुटल्याशिवाय जनरेटर जोडलाच जाणार नाही, असं मामा म्हणाला. ती सुट्टी काही मिळाली नाही. ताई बहुतेक वेळा मेन पाडायची. एक-दोनदा विसरली, तेव्हा जनरेटर जळला नाही, नुसता गुरगुरून बंद पडला. त्यामुळे तिची भीतीही थोडी गेली.

ते वादळ कोरडं होतं. दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं झालं, रस्त्यावरची धूळ उठून खिडक्यांवर आपटायला लागली. ताईच्या गल्लीत झाडाची मोठी फांदी तारेवर पडली आणि शेवटच्या दोन खांबांमधली तार तुटली. मामा आणि भाचा निघाले. मामाने डीपीतले फ्यूज उपसून भाच्याच्या हातात दिले. भाच्याने ते एकेक करून खिशात टाकले आणि वर थोपटलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं-खिडक्या बंद. मामाने टेस्टर लावला. लाइन मेलेली होती.

"साखळी टाकू?" भाच्याने विचारलं. दोन-तीन वर्षं झाली तरी तो अजून विचारायचा.

"मेलेल्याला किती मारशील? खिशात आहेत ना?"

"आहेत."

"मग चढ. काम आटोपू, चहा ताईकडेच घेऊ."

भाचा चढला. मामा रस्त्यावरची फांदी कोयत्याने तोडायला लागला. वरून गाणं ऐकू येत होतं, वाऱ्याने तुटक तुटक. मग गाणं थांबलं. तार जोडताना तोंडात पक्कड धरली असेल, असं मामाला वाटलं आणि त्याने आणखी दोन घाव घातले. मग वर पाहिलं.

भाचा कंबरपट्ट्यात वाकला होता. एक हात तारेला चिकटलेला. वारा एक क्षण पडला आणि त्या क्षणात मामाला ताईच्या मागच्या पडवीतून जनरेटरची धडधड ऐकू आली.

तार मधेच तुटलेली. त्या तुटक्या शेपटावर एकच घर होतं, सगळ्या गल्लीचा भार नव्हता, म्हणून जनरेटर या वेळी बंद पडला नव्हता. हे सगळं मामाला पळता पळता समजलं. त्याने पडवीत शिरून जनरेटर बंद केला, सॉकेटमधून वायर ओढली आणि खांद्यावरच्या पिशवीत कोंबली. का कोंबली हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. मागचं दार उघडलं. गळ्यात टेप, हातात कात्री, ताई उभी.

"तू होय? बंद का केलास रे? उद्या गणवेश द्यायचेत मला."

तिच्या खांद्यावरून मामाला भिंतीवरचा मेन स्विच दिसला. तो वरच होता.

"लाइन आलीय," मामा म्हणाला.

"आली? मग दिवे कुठे आहेत?"

"येतील," तो म्हणाला आणि उलटा पळाला.

खांबावर चढून भाच्याला कसं उतरवलं ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. त्याने त्याला रस्त्यावर आडवं केलं, तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. छाती दाबताना तळहाताखाली ते तीन फ्यूज लागत होते. ते टोचू नयेत म्हणून त्याने ते खिशातून काढून बाजूला ठेवले आणि पुन्हा दाबायला लागला. दारं उघडली, माणसं धावली, कुणीतरी गाडी आणली. कुणीतरी ताईला धरून आणलं. तिने पोराच्या छातीवर डोकं टेकलं. मग ती गाडीत बसली, आणि तिने मामाकडे पाहिलं नाही, कारण तोपर्यंत तिला मुलाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

गाडी गेल्यावर मामा रस्त्यावर एकटा राहिला. फ्यूज धुळीत पडले होते. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. आता कंपनीची माणसं येतील. फ्यूज बाहेर दिसले की पहिला प्रश्न विचारतील, मग करंट आला कुठून? आणि वाट शेवटच्या घराकडे जाईल, पडवीत जाईल, तिथे कोणी जनरेटरवर हात ठेवील. इंजिन अजून गरम असेल. मग कोणी तरी शहाणा ताईला समजावून सांगेल. मामाला उंबरा आठवला, हात जोडलेला तो माणूस आठवला, आणि ताईचं ते वाक्य. भाचा तर गेला. आता ताई जाणार होती, आणि तिला थांबवणं एवढंच त्याच्या हातात होतं.

त्याने फ्यूज उचलले, शर्टाला पुसले, कोपऱ्यावर चालत गेला आणि डीपीत बसवले. आरोळी न ऐकता फ्यूज लावणं, जे आयुष्यात कधी केलं नव्हतं, ते त्याने एवढ्या सावकाश केलं की बघणाऱ्याला वाटलं असतं, रोजचंच काम आहे.

साहेबांनी त्याला खुर्चीत बसवून विचारलं, "मामा, खरं सांगा. फ्यूज कोणी लावले?"

"मी."

"तुम्ही? कांगारू? अहो, तुम्ही तर दुसऱ्यांना शिकवता!"

"मला वाटलं, तो उतरला."

"त्याने लाइन क्लिअर दिलं?"

"दिलं नाही. मला ऐकू आल्यासारखं वाटलं. वारा होता."

"आणि फ्यूज त्याच्या खिशात नव्हते?"

"घाईत माझ्याच हातात राहिले."

साहेबांनी ते लिहून घेतलं. विश्वास बसायला नको होता. पण माणसाचं चांगलं ऐकलं की लोक पुरावा मागतात. वाईट ऐकलं की नुसता होकार पुरतो. ज्यांनी त्याच्यासारखे खिसे शिवून घेतले होते तेच म्हणायला लागले, "बघा, दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान." पोलीस येऊन विचारून गेले. नोकरी गेली. मामाने कुठेही तोंड उघडलं नाही. आणि तो अगदीच खोटं बोलला असं तरी कसं म्हणावं? साखळी हुकाला लटकत होती. ती टाकू का असं पोराने विचारलं होतं, आणि याने त्याला हसून वर पाठवलं होतं. ही गोष्ट मात्र कोणी विचारली नाही, म्हणून त्याने ती सांगितली नाही, आणि तीच त्याला रोज आतून खात राहिली.

ताई एका सकाळी आली. मामीने दार उघडलं, पाट मांडला. ताई बसली नाही. "त्याचा शर्ट आण," तिने मामीला सांगितलं. मामीने खाकी शर्ट आणून दिला. ताईने कनवटीतून छोटी कात्री काढली आणि उभ्या उभ्या छातीवरचा तो खिसा उसवायला लागली. शिलाई दुहेरी होती, तिचीच होती, वेळ लागला. मामा समोर उभा होता. एकेक टाका तुटत होता. खिसा सुटला तसा तिने तो घडी करून आपल्याजवळ ठेवला आणि शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

"पडवीत येऊन म्हणालास, लाइन आलीय," ती म्हणाली. "तूच आणली होतीस. त्या माणसाला जे विचारलं ते मला तुला विचारायचं नाही. तुला घास गिळवतो, हे मला माहीत आहे. लहानपणापासून गिळतोस."

तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. वाटेत दिसला तर पलीकडच्या बाजूने जायची. मामा तिला दुरून बघायचा. ती चालतेय, हातात पिशवी आहे, दोरा-सुया घेऊन घरी निघालीय, म्हणजे आजचा दिवस ती जगली. त्याला तेवढं पुरायचं. पुरायचं असं म्हणतो, पण माणूस निम्मा झाला होता.

आणि तो शब्द गेला. मामीच्या ते हळूहळू लक्षात आलं. मामाला एका दवाखान्याच्या दारावर काम मिळालं होतं, येणाऱ्या माणसांना ओळीने आत सोडायचं. लोक विचारायचे, "लाइन कुठली?" तो म्हणायचा, "रांग तिकडे." फोनवर कोणी म्हणालं, लाइनवर राहा, तर तो फोन ठेवून द्यायचा. घरचे दिवे गेले की सगळी गल्ली ओरडायची, लाइन गेली, लाइन गेली. मामा काडेपेटी शोधायचा आणि बोलायचा नाही. आयुष्यभर ज्या शब्दावर सगळं वाळत घातलं होतं, तो याने दाराबाहेर काढला. बाकी सगळ्यांच्या तोंडी तो होताच, त्यामुळे बाहेर काढून उपयोग काही झाला नाही.

काही वर्षांनी, एका दुपारी, ताई दारात आली. मामी मोरीत भांडी घासत होती. मामाच पुढे झाला. ताईचे केस पांढरे झाले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"आत ये," तो म्हणाला.

"नको. विचारायचं होतं एक." तिची नजर त्याच्या खांद्याच्या मागे कुठेतरी होती. "गणवेशांचे दिवस आलेत. म्हटलं, पोराचा जनरेटर सुरू करावा, पडून आहे कधीचा. पण ती वायर सापडत नाही. दोन्हीकडे पिन असलेली. त्याच्या हातची होती. तू पाहिलीस कुठे?"

"नाही."

"आज नवा वायरमन बोलावला. त्याला म्हटलं, तशी एक बनवून दे. तो म्हणाला, बाई, असली वायर कोणी बनवत नाही, असल्या वायरने माणूस मरतं." आता तिने मामाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. "माणूस मरतं म्हणजे कसं रे? माझ्या पोराने मला असं काही दिलं असेल?"

मोरीतला भांड्यांचा आवाज येत होता. ताई थांबली होती, आणि ती ज्या जागी उभी होती तिथून विहीर फार लांब नव्हती.

"त्याचं तसं असतं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "एक पिन लावली की दुसरी उघडी राहते. तिच्यात करंट असतो. जो हातात धरतो त्याला बसतो."

"जो धरतो त्याला?"

"त्यालाच. दुसऱ्या कोणाला नाही."

"म्हणजे मलाच बसला असता."

"हो. पण तू जपून लावायचीस. त्याने दाखवलं होतं तुला."

ताईने त्यावर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर आलेला ताण हळूहळू उतरला. मामाने तो उतरताना पाहिला आणि दाराची चौकट धरली.

"मग बसायचा होता एकदा," ती म्हणाली. "तो असताना बसला असता तर बरं झालं असतं. पुढचं काही बघावं लागलं नसतं."

तिने चष्म्याची काडी सारखी केली.

"तुझ्याकडे मागायला आले, याचा अर्थ वेगळा लावू नकोस," ती म्हणाली. "त्याची एक वस्तू हरवलीय, म्हणून आले. तेवढी एक तरी जपायला पाहिजे होती कोणीतरी." आणि ती वळून चालायला लागली. कोपरा येईपर्यंत मामा तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याचा हात आपोआप छातीवर गेला, जिथे एके काळी खिसा होता तिथे.

मामी पदराला हात पुसत बाहेर आली. "ताई होत्या ना? मी आवाज ओळखला. काय म्हणत होत्या?"

"काही नाही. वायरचं विचारत होती."

"बोलल्या तरी!" मामीचा चेहरा उजळला. "चला, एवढ्या वर्षांनी बोलल्या. बघा तुम्ही, आता हळूहळू येतील लाइनीवर."

मामाने मान हलवली. मग तो मोरीत गेला आणि त्याने तोंड धुवायला घेतलं. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. शेवटी मामी म्हणाली, अहो, पाणी जपून वापरा.